जुन्या ट्रॅक्टरचे ऑइल प्रेशर

प्रश्न : बरेच महिने उभा असलेला जुना ट्रॅक्टर सुरू केला, पण ऑइल प्रेशर चढत नाही. इंजिन खोलावे लागेल का? (एक वाचक, वाडी, नागपूर)

उत्तर : इंजिन लगेच बंद करावे, प्रेशरविना बेअरिंगे जळतात. ऑइलची पातळी पाहावी, डिझेलचा वास आल्यास ते बदलावे. मीटरही बिघडलेले असू शकते. दुसरे जोडून खात्री करावी. उभ्या इंजिनात पंपातले ऑइल उतरते आणि पंप नुसती हवा ओढतो. अशा वेळी ऑइल गॅलरीचा प्लग काढून ऑइल भरावे, डिझेल बंद ठेवून स्टार्टर थांबत थांबत फिरवावा. बहुधा एवढ्यावर भागते. नाहीतर रिलीफ व्हॉल्व्हमधला कचरा आणि चेंबरमधली जाळी साफ करावी. थंड इंजिनात ठीक असलेले प्रेशर तापल्यावर पडत असेल, तर बेअरिंगे झिजलेली असण्याची शक्यता मोठी. नागपूरच्या मे महिन्यात जाड ऑइलने वेळ मारून नेता येते. पण क्रँक मोजून, गरजेप्रमाणे घासून नवी बेअरिंगे बसवावीच लागतात.