कुंभाराच्या ओट्यावरून

शहापूरला राहायला आल्यापासून माठ, पणत्या, सुगडं मी कुंभाराच्या घरूनच आणते. कधी शहापुरात, कधी मुरबाडच्या बाजूला. ओट्यावर बसून जे उमगलं, ते असं.

१. माठ वाजवून घ्यावा. खणखणला तर नीट भाजलेला, बद्द वाजला तर कुठेतरी चीर. पाझरतो म्हणून मात्र परत करू नये. पाझरलेलं पाणी वाऱ्यावर उडतं, म्हणूनच आतलं गार राहतं. ऑइलपेंट फासलेला चकचकीत माठ दिवाणखान्यात ठेवावा, पाण्यासाठी घेऊ नये. आणि जूनच्या दमट हवेत पाणी गार झालं नाही, तर कुंभाराला बोल लावू नये.

२. चाकावर पुरुष बसतो, फोटोही त्याचाच निघतो. माती फोडणं, चाळणं, राख किंवा लीद घालून तुडवणं यात सगळं घर राबतं. मोठ्या माठाचं पोट तर चाकावर पुरं होतच नाही. घडा जरा सुकला की आतून गोळा धरायचा आणि बाहेरून थापीने ठोकत ठोकत तो वाढवायचा. हात किंचित चुकला की भोक. याउलट अमेरिकेत ॲरिझोनातल्या होपी-तेवा या मूळनिवासी लोकांच्या घराण्यांत चाकच नाही. मातीच्या वळ्या एकावर एक रचून भांडं उभं करतात, मेंढ्यांच्या लेंड्यांच्या जाळात भाजतात आणि नाव होतं ते बाईचं. नाम्पेयो ही त्यांतली सर्वांत नावाजलेली. १९४२ साली वारली. म्हातारपणी तिची नजर गेली, तेव्हा तिच्या भांड्यांवरची नक्षी मुलींनी रंगवली. तिच्या वंशातल्या बायका पुढे भांड्याच्या बुडाशी स्वतःची सही करू लागल्या. आपल्याकडे सही राहो, माठ घेताना घरच्या बाईचं नाव तरी कोण विचारतं?

३. पणत्या दिवाळीच्या तोंडावर मागू नयेत. आपल्याकडचा पाऊस लांबला की कच्चा माल वाळत नाही आणि ओल्या मालाला आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, तडे जातात. बाजारातल्या साच्याच्या, परगावच्या पणत्या त्याच वेळी येऊन बसतात.

४. मातीचं दुखणं वेगळंच. वीटभट्टीला ट्रक भरभरून माती जाते, शेतांचे प्लॉट पडतात, आणि कुंभाराला पाटीभर मातीसाठी लोकांच्या दारात उभं राहावं लागतं. हे मला अजून पटलेलं नाही.

५. येत्या संक्रांतीला सुगडांचा भाव पाडू नका. आव्यात फुटलेल्या मालाचं नुकसान त्या घराने आधीच सोसलेलं असतं.