जॉर्डन लेकवरचा क्रॅपी : आत्याचे कानमंत्र

पोरी, कॅरीत घर घेतलंस आणि जॉर्डन लेक गाडीने अर्ध्या तासावर. आता मार्च उजाडल्यावर शनिवारी दुपारी तू सोफ्यावर दिसलीस तर आत्याशी गाठ आहे. क्रॅपी हा पापलेटासारखा चपटा, अंगावर काळे ठिपके असलेला गोड्या पाण्यातला मासा. कोकणात आपल्या घरचे खाडीवर गरवायला जातात ते भरती-ओहोटी बघून. नॉर्थ कॅरोलायनातल्या या तळ्याला भरती नाही, इथला सगळा हिशेब उबेचा. तेवढा एक नीट समजून घे, बाकीचं हाताला सवयीने येईल.

१. गळाच्या आधी पाण्याचा थर्मामीटर घे – पाणी 50 अंश फॅरनहाइटच्या पुढे सरकलं की क्रॅपी खोलातून ओढ्यांच्या तोंडाशी यायला लागतात, आणि साठी ओलांडली की अंडी घालायला काठाशी येतात. आधी ऊब विचारावी, मग मासा विचारावा.

२. पहाटेचा गजर लावू नकोस, जेवून निघ – या दिवसांत रात्रभर गारठलेलं पाणी तापायला दुपार उजाडते आणि मासाही तेव्हाच तोंड उघडतो. तुझ्या उशिरा उठण्याचं एवढं कौतुक पुन्हा कोणी करणार नाही, करून घे.

३. उत्तरेकडचा काठ धर – मार्चचं ऊन दक्षिणेकडून तिरपं येतं आणि त्याच काठावर जास्त वेळ पडतं. दोन अंशांचा फरक तुझ्या हाताला कळणार नाही, माशाला कळतो.

४. मोकळ्या पाण्याच्या मध्यावर जीव लावू नकोस. व्हाइट ओक क्रीक, बीव्हर क्रीक अशा ओढ्यांची तोंडं बघ – हे तळं मुळात धरणाचं आहे, 1980च्या दशकाच्या सुरुवातीला भरलेलं. त्याआधीच्या ओढ्यांची पात्रं अजून तळाशी आहेत आणि क्रॅपी त्याच वाटेने खोलातून उथळाकडे येतात. नकाशात पात्राचं वळण काठाजवळ आलेलं दिसलं की तिथे थांब.

५. होडी नाही म्हणून अडून राहू नकोस, फॅरिंग्टनच्या पुलाजवळचा काठ बघ – पुलाचे खांब, दगडी बांध, बुडालेली झाडं यांच्या आडोशाला छोटे मासे जमतात आणि त्यांच्या मागे क्रॅपी.

६. आता मुख्य गोष्ट, ही दोनदा वाच. क्रॅपीचे डोळे वरच्या बाजूला, तो वर बघतो आणि वर उठून खातो. म्हणून आमिष त्याच्या डोक्यावर फूटभर असू दे, पोटाखाली नको – वर वाढलं तर पंगत, खाली वाढलं तर उपास. खोली ठाऊक नसेल तर चार फुटांपासून सुरुवात कर आणि दर दहा मिनिटांनी दोन फूट उतर. लोक जागा बदलत बसतात. तू आधी खोली बदल.

७. सरकता बॉबर, म्हणजे दोरीला लावायचा तरंगा, घे आणि त्याला अडवणारी दोरीवरची गाठ जपून ठेव – खोली एकदा सापडली की ती गाठच तुझी वही. मासा काढल्यावरही आमिष पुन्हा त्याच खोलीवर जातं.

८. बॉबर बुडायचीच वाट बघू नकोस, तो आडवा पडला तरी उचल – मासा आमिष घेऊन वर आला की दोरीवरचा भार जातो आणि उभा बॉबर पाण्यावर लोळतो. नवखी माणसं नेमकी इथेच नुसती बघत बसतात.

९. उचल म्हणजे मनगटाने हलकेच, बस्स. पहिला मासा हाती आला की त्याचं तोंड उघडून उन्हासमोर धर. कडेचं कातडं इतकं पातळ की उजेड आरपार दिसेल. इथले लोक त्याला कागदी तोंडाचा म्हणतात ते उगीच नाही – हिसका दिला, मासा गेला. काठाशी आल्यावर दोरीने उचलू नकोस, खालून जाळी घाल.

१०. गळ बारीक तारेचा घे, दोरी सहा पौंडांची – बुडालेल्या फांदीत अडकला तर सावकाश ओढल्यावर गळच सरळ होऊन सुटतो, आणि तुझी दोरी, आमिष, जागा तिन्ही वाचतात.

११. आमिषाला दीड-दोन इंची मिनो, म्हणजे जिवंत छोटा मासा, दोन्ही ओठांतून टोचलेला – असा तो बराच वेळ जिवंत हलत राहतो. बादली सावलीत ठेव. पाणी तापलं की त्यातली हवा कमी होते आणि मिनो पोट वर करून बसतात.

१२. मिनो नसतील तर पाव औंसाचाही पाव, म्हणजे सोळावा हिस्सा औंसाचा जिग (डोक्याशी वजन असलेला नकली आमिषाचा गळ) चालेल. पावसाने पाणी गढूळ झालं असेल तर पोपटी-पिवळा लाव – गढुळात तोच आधी दिसतो.

१३. थंडीची लाट येऊन गेल्यावर आभाळ निळं स्वच्छ दिसेल, पण भुलू नकोस – कालचे काठचे मासे पुन्हा खोलात सरकलेले असतात. त्या दिवशी आमिष लहान, हात संथ आणि खोली जास्त.

१४. एक लागला की तिथून हलू नकोस – क्रॅपी घोळक्याने राहतात. आणि वीस मिनिटं काहीच नाही तर मात्र हटून बसू नकोस.

१५. डॉगवुड फुललं की काठाजवळ बघायला लाग – इथले जुने गरवणारे याच फुलावर अंडी घालण्याचा हंगाम ओळखतात, आणि ते या राज्याचं फूल असल्याने रस्तोरस्ती दिसेल.

१६. त्या दिवसांत काठाला अगदी काळाभोर क्रॅपी लागला तर तो बहुधा नर, त्याला सोडून दे – घरट्यावर राखण तोच करतो. तो गेला की बाकीचे मासे अंडी फस्त करतात.

१७. ओळख पटवायची तर पाठीवरचे काटे मोज : काळ्या क्रॅपीला सात-आठ, पांढऱ्याला पाच-सहा.

१८. परवाना आधी, गळ नंतर – इथे सोळा वर्षं पुरी झालेल्या प्रत्येकाला तो लागतो. किमान लांबी आणि दिवसाला किती मासे ठेवायचे हे राज्याच्या वन्यजीव खात्याकडून दर वर्षी नव्याने बघ, आणि मोजपट्टी पिशवीत असू दे.

१९. होडीत पाऊल टाकण्याआधी लाइफ जॅकेट अंगात, बंद लावून. ऊन कितीही छान असो – मार्चच्या पाण्यात पडल्यावर थंडीच्या धक्क्याने श्वास अडकतो आणि पोहता येणाऱ्याचेही हात-पाय चालेनासे होतात. यात मी तुझं काही ऐकणार नाही.

२०. उरलेले मिनो तळ्यात ओतू नकोस – बाहेरचा मासा आणि बाहेरचा रोग दोन्ही असेच शिरतात.

२१. मासा लागताक्षणी बर्फात घाल, बादलीतल्या कोमट पाण्यात नको – याचं मांस नाजूक, पटकन मऊ पडतं. घरी आल्यावर हळद, मीठ, तिखट आणि कोकमाचं आगळ लावून जेमतेम पंधरा मिनिटं ठेव, रव्यात घोळव आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस कर. लसूण भरमसाठ घालू नकोस, चव हलकी आहे, दबून जाते.