अभियंता मुलगी आणि वकिलीची वाट

प्रश्न: मुलगी संगणक अभियंता आहे. तिला वकिली खुणावते आहे, स्टार्टअपमधल्या गुंतवणुकीचंही आकर्षण आहे. आधीची पदवी वाया जाईल का?

उत्तर: अजिबात नाही. शोधांच्या पेटंटसाठी अर्ज करणाऱ्या पेटंट एजंटच्या परीक्षेला आपल्याकडे विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवीच लागते. कायद्याची नसली तरी चालते. एलएलबी पुढे 3 वर्षांत होईल, पण ही परीक्षा तिनं आधी द्यावी, असं मी आग्रहानं सांगेन.

गुंतवणुकीला ठरलेली वाट नाही. स्टार्टअपमध्ये पैसा गुंतवणाऱ्या क्लायनर पर्किन्स या कंपनीचे जॉन डोअर इंटेलमधून आले, तशाच सिकोया कंपनीत पूर्वी असलेले मायकेल मॉरिट्झ त्याआधी ‘टाइम’चे पत्रकार होते, गुंतवणूकदार पीटर थील यांनी सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये वकिली केली. गुंतवणुकीकडेच वळायचं असेल, तर आधी एखाद्या लहान कंपनीत नोकरी करून धंदा उभा राहताना तिनं जवळून पाहावा.