एक पट, अनेक डाव

मराठीत ज्या खेळाला बुद्धिबळ म्हणतात, त्यालाच उर्दूत शतरंज म्हणतात. पण वजीर, प्यादे, शह आणि मात हे शब्द दोन्ही भाषांत सारखेच. असे का? कारण हा खेळ देशोदेशी फिरला आहे.

सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी भारतात 'चतुरंग' नावाचा खेळ होता. हत्ती, घोडे, रथ व पायदळ ही सैन्याची चार अंगे, म्हणून चतुरंग. तो इराणात गेला. अरबांनी त्याला शतरंज म्हटले. मग तो युरोपात पोहोचला. जुन्या डावात वजीर तिरके एकच घर चाले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्याला सर्व दिशांनी दूरवर जाण्याची मोकळीक मिळाली. डाव वेगवान झाला.

भारतात देशी पद्धत चालूच राहिली. तीत प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे जाई. राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येई. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळाचे पुस्तक इंग्रजीत निघाले. मूळ संस्कृत ग्रंथातील डाव त्यात युरोपीय पद्धतीला जुळवून दिले होते.

नियम बदलले की खेळाडूची कसोटी लागते. पंजाबचे मीर सुलतान खान प्रथम देशी पद्धत शिकले. पुढे त्यांना नवे नियम शिकावे लागले. तरीही त्यांनी १९२९, १९३२ व १९३३ साली ब्रिटनचे विजेतेपद मिळवले.

आता पट संगणकावर आला आहे. १९९७ साली 'डीप ब्लू' या संगणकाने जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवले. आज 'स्टॉकफिश' हा प्रोग्राम मोफत मिळतो. तो हौशी जाणकारांनी लिहिला असून कोणीही त्यात सुधारणा करू शकतो. मुळशीच्या मुलांनाही तो फोनवर खेळता येतो.

आंतरराष्ट्रीय स्पर्धांत देशी नियम चालत नाहीत. न खेळलेला डाव हळूहळू विसरला जातो. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांना जुने नियम विचारा आणि एक डाव तसा मांडून पाहा.

शब्दार्थ : मोकळीक – सूट, कसोटी – परीक्षा, हौशी – आवडीने काम करणारे.

स्वाध्याय
१. 'चतुरंग' हे नाव कसे पडले?
२. देशी पद्धतीचे दोन नियम लिहा.
३. मराठी व उर्दूत सारखे असलेले आणखी पाच शब्द शोधा.