दोष कोणाचा?

(नवी वस्तू नीट चालली नाही, की आपण लगेच त्या वस्तूलाच दोष देतो. पुसदच्या एका घरात नवा लॅपटॉप आला आणि इंटरनेट सारखे तुटू लागले. त्याचे खरे कारण कसे सापडले, ते या पाठात एका विद्यार्थिनीने सांगितले आहे.)

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आमच्या घरात दोन वस्तू आल्या. माळ्यावरून कूलर खाली आला आणि यवतमाळहून आपाचा लॅपटॉप आला. कूलरकडे कोणी लक्ष दिले नाही. तो दर उन्हाळ्यात खाली येतो. लॅपटॉप मात्र सगळा मोहल्ला बघून गेला.

माझ्या आपाने बी.एस्सी. केले आहे. पुसद, उमरखेड आणि आर्णी येथील अकरा मुलांना ती रोज दुपारी चार वाजता इंटरनेटवरून गणित शिकवते. आतापर्यंत ती फोनवरून शिकवत असे. पण एवढ्याशा पडद्यावर अकरा मुलांच्या वह्या कशा दिसणार? म्हणून शिकवणीची फी आणि अम्मीच्या शिवणकामाचे पैसे साठवून लॅपटॉप घेतला. दुकानदार म्हणाला होता, "दहा दिवसांत दोष निघाला तर बदलून देऊ. त्यानंतर आमच्याकडे येऊ नका."

पहिल्या दिवशी शिकवणी सुरू झाली आणि पाच मिनिटांत पडद्यावर मुलांचे चेहरे थिजले. आवाज तुटला. थोड्या वेळाने नेट परत आले, पुन्हा गेले. असे सहा दिवस चालले. सहाव्या दिवशी उमरखेडच्या एका मुलाच्या वडिलांचा फोन आला. "मॅडम, असेच चालणार असेल तर आम्ही दुसरी शिकवणी बघतो." त्या रात्री आपा जेवली नाही.

अब्बा म्हणाले, "लॅपटॉपच खराब आहे. माझा फोन त्याच खोलीत कसा छान चालतो!" हा पुरावा सगळ्यांना पटला. आता दिग्रसमार्गे एस.टी.ने यवतमाळला जायचे, म्हणजे अब्बांचे सायकलचे दुकान एक दिवस बंद. तरीही जायचे ठरले. तेवढ्यात बडे अब्बा आले.

बडे अब्बा म्हणजे अब्बांचे थोरले भाऊ. त्यांनी पस्तीस वर्षे रेडिओ दुरुस्त केले. लॅपटॉप त्यांनी कधी उघडला नव्हता. सगळी हकिगत ऐकून ते म्हणाले, "उद्या चार वाजता येतो. दोष ज्या वेळी येतो, त्याच वेळी तो बघावा. आणि तोपर्यंत कशालाही हात लावू नका. तुम्ही चार गोष्टी एकदम बदलल्या, तर कशामुळे फरक पडला ते कळणार नाही."

दुसऱ्या दिवशी चार वाजता नेट पुन्हा तुटू लागले. बडे अब्बांनी लॅपटॉपकडे बघितलेच नाही. त्यांनी अब्बांना विचारले, "तुझा फोन कोणत्या वाटेने चालतो?"

अब्बांना प्रश्न कळला नाही. मग आपाने समजावून सांगितले. फोनला इंटरनेट दोन वाटांनी मिळते. एक वाट सिम कार्डाची. ती थेट मोबाइलच्या टॉवरशी जोडलेली असते. दुसरी वाट वाय-फायची. आमच्या बैठकीत काचेच्या तंतूची तार येते आणि राऊटर नावाच्या पेटीला जोडलेली आहे. त्या पेटीतून रेडिओ लहरी निघतात. लॅपटॉपमध्ये सिम नाही, त्याला ही एकच वाट. अब्बांचा फोन मात्र सिमवर चालत होता.

बडे अब्बांनी फोनचा मोबाइल डेटा बंद करायला लावला आणि वाय-फाय सुरू केले. दोन मिनिटांत फोनवरचे चित्रही थिजले. अब्बा काही बोलले नाहीत.

मग आपाने लॅपटॉप उचलून बैठकीत, राऊटरच्या शेजारी नेला. अर्धा तास नेट एकदाही तुटले नाही. बाहेरून येणारी तार चांगली, राऊटर चांगला, लॅपटॉपही चांगला. मग बिघडले होते काय?

बडे अब्बांनी एका जुन्या पावतीच्या पाठीवर आमच्या घराचा नकाशा काढायला सांगितला. मी बैठक काढली, अंगण काढले, आतली खोली काढली. राऊटरच्या जागी आणि आपाच्या लॅपटॉपच्या जागी एक एक ठिपका दिला. "आता पट्टी ठेव आणि रेघ ओढ," ते म्हणाले. रेघ बैठकीतल्या लोखंडी कपाटातून गेली, भिंतीतून अंगणात आली आणि आतल्या खोलीच्या खिडकीला लावलेल्या कूलरमधून आरपार गेली.

"कूलर तर दर वर्षी तिथेच असतो," अम्मी म्हणाली.

"पण दर वर्षी आपा फोनच्या सिमवरून शिकवायची!" मी म्हणाले. बडे अब्बांनी माझ्याकडे पाहिले आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. मला फार आनंद झाला. अजूनही ती पेन्सिल मी जपून ठेवली आहे.

मग त्यांनी लहरींची गोष्ट सांगितली. जुन्या रेडिओवर आकाशवाणीचे नागपूर केंद्र ५८५ किलोहर्ट्‌झवर लागत असे. त्या लहरीची लांबी सुमारे ५१३ मीटर. एवढ्या लांब लहरीला आमचे घर म्हणजे वाटेतला खडा. ती त्याला सहज वळसा घालून जाते. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी मात्र फक्त साडेबारा सेंटिमीटर, आपल्या वितीहूनही कमी. तिच्यासाठी कपाट आणि कूलर हे डोंगर आहेत. पत्रा तिला परत फिरवतो आणि कूलरमधले पाणी तिला शोषून घेते. साध्या भिंतीतून ती जाते, थोडी दुबळी होऊन. आपल्या देशात हे फार पूर्वी दाखवले गेले आहे. १८९५ साली जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात अशाच आखूड लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. त्यांनी तयार केलेल्या काही लहरी तर अवघ्या पाच मिलिमीटर लांबीच्या होत्या.

"लहर अडते, तर नेट पूर्ण बंद का होत नाही?" मी विचारले.

"कारण थोडी लहर भिंतींवर आपटत, वळणे घेत पोहोचते. अंगणात कोणी उभे राहिले, लोखंडी दार लावले, की तिची वाट बदलते. म्हणून येते आणि जाते."

हा झाला अंदाज. बडे अब्बांना अंदाज पुरत नसे. अब्बांनी आणि त्यांनी मिळून कूलर चार हात बाजूला सरकवला. लॅपटॉपवरच्या वाय-फायच्या खुणेची एकच रेघ होती, ती भरून तीन झाल्या. कूलर परत जागेवर ठेवला, पुन्हा एक. असे दोनदा केले, तेव्हा त्यांची खातरी झाली.

पण पुसदचा उन्हाळा! दुपारी पारा चाळीसच्या पुढे जातो. "कूलर खिडकीतून हलणार नाही," अम्मीने स्पष्ट सांगितले. मग राऊटर हलवला. कपाटामागून काढून तो दाराजवळच्या उंच कोनाड्यात ठेवला. तिथून अंगणातून आतल्या खोलीचे दार सरळ दिसते. तार हलवताना आपाने फार काळजी घेतली. तिच्या आत केसासारखा बारीक काचेचा तंतू असतो. तार दुमडली तर त्यातला प्रकाश पुढे जात नाही. म्हणून तिला मोठे, सैल वळण दिले.

आणखी एक गंमत निघाली. आमच्या राऊटरची दोन नावे लॅपटॉपवर दिसत. एकाच्या शेवटी '५जी' होते. ते मोबाइलचे फाइव्ह-जी असे समजून आपाने पहिल्या दिवसापासून तेच निवडले होते. खरे तर त्याचा अर्थ पाच गिगाहर्ट्‌झ. या लहरींवरून माहिती वेगाने जाते, पण त्या असतात सहा सेंटिमीटरहूनही आखूड. जवळ बसले तर उत्तम, भिंतीपलीकडे लवकर दमतात. आपाने दुसरे नाव निवडले. त्यालाही अडचण आहेच. २००५ पासून आपल्या देशात २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी परवान्याशिवाय वापरता येतात, म्हणून शेजाऱ्यांचे राऊटर आणि ब्लूटूथची यंत्रे सगळी तिथेच गर्दी करतात. "आमच्या वेळी साधा रेडिओ ठेवायलासुद्धा पोस्टातून परवाना काढावा लागे," बडे अब्बा हसून म्हणाले.

आठव्या दिवशी शिकवणी छान चालली. साडेचार वाजता आपाने चार्जरची तार काढली आणि थोड्याच वेळात आवाज पुन्हा अडखळू लागला. आम्ही सगळे एकमेकांकडे बघू लागलो. या वेळी बडे अब्बा घरी नव्हते. आपाने त्यांचीच रीत वापरली. चार्जर लावला, आवाज नीट. काढला, पुन्हा अडखळला. मग तिने लॅपटॉपची सेटिंग्ज शोधली. बॅटरीवर असताना वीज वाचवण्यासाठी लॅपटॉप वाय-फायच्या भागाला मधूनमधून झोपवत होता. तिने ती सोय बंद केली. लॅपटॉपचे वाय-फाय चालवणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅमही कंपनीच्या संकेतस्थळावरून घेऊन नवा केला. म्हणजे लॅपटॉप अगदीच निर्दोष नव्हता. पण एवढ्यासाठी अब्बांनी दुकान बंद ठेवून यवतमाळला जाण्याची गरज नव्हती.

दहावा दिवस उजाडला. अब्बांनी पावती काढून पाहिली आणि परत पेटीत ठेवली. चार वाजता शिकवणी सुरू झाली. अकराच्या अकरा मुले हजर होती, उमरखेडचा मुलगाही. आपा त्रिकोणाचे क्षेत्रफळ शिकवत होती. वीस मिनिटे झाली आणि एकदम पंखा थांबला, कूलर थांबला, कोनाड्यातल्या राऊटरचे दिवे विझले. वीज गेली होती. लॅपटॉप बॅटरीवर चालूच होता. अब्बांनी काही न बोलता आपला फोन खिशातून काढला, त्याचा हॉटस्पॉट सुरू केला आणि आपाच्या समोर ठेवला. सिमची वाट अजून उघडी होती.

शब्दार्थ
माळा – छताखालची सामान ठेवण्याची जागा. थिजणे – हालचाल थांबणे, गोठणे. वळसा घालणे – बाजूने फिरून जाणे. वीत – पसरलेल्या हाताच्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंतचे अंतर. शोषणे – आत ओढून घेणे. कोनाडा – भिंतीतली वस्तू ठेवण्याची जागा. अडखळणे – मध्येच थांबणे.

स्वाध्याय
१. अब्बांच्या फोनचा पुरावा का चुकीचा ठरला?
२. कूलर दोनदा का सरकवला?
३. नागपूर केंद्राच्या रेडिओ लहरीत आणि वाय-फायच्या लहरीत कोणता फरक आहे?
४. तुमच्या घराचा नकाशा काढा. राऊटर किंवा रेडिओ कोठे ठेवाल, ते कारण देऊन पाच वाक्यांत लिहा.