दुखण्याचं सर्किट

मराठी विभागात चक्क जीवशास्त्र बघून पान उलटू नका! विषय सिग्नलचा आहे, आणि सिग्नल म्हणजे आपल्या घरचा माणूस.

तापलेल्या तव्याला बोट लागलं की आपण 'आई गं' म्हणून हात मागे घेतो. ही बातमी बोटापासून वर जाते कशी? चेतापेशीच्या आतलं व्होल्टेज एरवी बाहेरच्यापेक्षा साधारण ७० मिलीव्होल्टने कमी असतं. पेशीच्या आवरणात सोडियम चॅनेल नावाची बारीक दारं असतात. चटका बसला की ती उघडतात, सोडियम आत घुसतो, व्होल्टेज उसळतं आणि त्यामुळे शेजारची दारं उघडतात. लांबच्या लाइनवर रिपीटर बसवतात ना, अगदी तसंच. हॉजकिन आणि हक्स्ले यांनी १९५२ साली याचं मॉडेल मांडलं, तेही कपॅसिटर, रेझिस्टर आणि बॅटरीचं सर्किट काढून! १९६३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

ही दारं नऊ प्रकारची आहेत. त्यांतली १.७, १.८ आणि १.९ या नंबरांची दारं मुख्यतः वेदना वाहणाऱ्या पेशींत सापडतात. २००६ साली पाकिस्तानातल्या काही कुटुंबांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातला एक मुलगा रस्त्यावर खेळ करायचा. हातात सुरी खुपसायचा, निखाऱ्यांवरून चालायचा, आणि त्याला काहीच दुखायचं नाही. त्याच्या नातलगांपैकी ज्यांना असंच दुखत नव्हतं, त्यांच्यात १.७ नंबरचं दार जन्मतःच निकामी निघालं. हा मुलगा चौदा वर्षांचा व्हायच्या आतच छपरावरून उडी मारून गेला. म्हणजे वेदना हा शत्रू नाही, तो फ्यूज आहे.

पण अलार्म बंदच झाला नाही तर? तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उठणाऱ्या दुखण्याला जुनाट वेदना म्हणतात. माझ्या आईच्या पायात चार वर्षं कळ येते आहे. सगळ्या तपासण्या झाल्या. 'रिपोर्ट नॉर्मल आहेत, मनाला लावून घेऊ नका,' असं तिला सांगण्यात आलं. ते ऐकून ती गप्प झाली, पण पाय काही गप्प बसला नाही. मी हा विषय वाचायला घेतला तो त्यामुळे.

मणक्याच्या दोन्ही बाजूंना चेतापेशींच्या गाठी असतात. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्रात कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काढाव्या लागलेल्या अशा गाठी, रुग्णांच्या संमतीने, अभ्यासल्या गेल्या. काचेच्या अतिसूक्ष्म नळीने एकेका पेशीचा करंट मोजला. या पद्धतीला पॅच क्लॅम्प म्हणतात. नेहर आणि साकमान यांना तिच्यासाठी १९९१ चं नोबेल मिळालं. २०१९ मध्ये आलेला निष्कर्ष असा, की ज्या भागात वेदना होती तिथल्या काही पेशी कुणी न डिवचताही आपोआप सिग्नल सोडत होत्या. इनपुट शून्य, आउटपुट चालू! म्हणजे हे 'मनाचे खेळ' नव्हेत.

मग उंदरांवरच औषध शोधून का भागत नाही? कारण सर्किट तंतोतंत सारखं नाही. उंदरात वेदनेच्या पेशींचे दोन गट बऱ्यापैकी वेगळे दिसतात, माणसात ते एकमेकांत मिसळलेले आहेत. म्हणून डॅलसच्या टेक्सास विद्यापीठात अवयवदात्यांच्या गाठींवरही काम चालतं. दुःखाच्या प्रसंगी होकार देणाऱ्या त्या कुटुंबांचे उपकारच म्हणायचे.

३० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेत सुझेट्रिजिन या गोळीला मान्यता मिळाली. ती १.८ नंबरचं दार अडवते. तिचं काम मेंदूबाहेरच्या पेशींत चालतं, त्यामुळे अफूवर्गीय औषधांसारखं व्यसन लागण्याची भीती वाटत नाही. पण ही मान्यता मोठ्या माणसांच्या तात्पुरत्या तीव्र वेदनेपुरती आहे. मणक्यातून पायात जाणाऱ्या जुनाट कळेवर २०२४ मध्ये तिची चाचणी झाली, तेव्हा दुखणं कमी झालं खरं, पण नुसत्या खोट्या गोळीनेही जवळपास तेवढंच झालं. आईला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे अजून वाट बघायची. पण आहे ना खरं?" आहे, आई.

मित्रांनो, नॉइजमधून सिग्नल वेगळा काढणं, पिकोअँपिअर मोजणं, हजारो पेशींचा डेटा चाळणं, ही सगळी कामं आपल्याच शाखांची आहेत. प्रोजेक्टचा विषय शोधत असाल तर इकडेही बघा. आणि रूम पार्टनर पाठ धरून बसला तर 'नाटक करतोय' म्हणण्याआधी दोन मिनिटं थांबा!