आवाजाला आवर

लग्न म्हटले की वाजंत्री आलीच. कानबाई बसली की गाणी आली. पोळ्याला बैल सजले की ढोल आला. आपल्या खानदेशात वाजंत्रीवाचून सण नाही. ती बंद करा, असे कोणी म्हणत नाही.

पण आता ढोलाच्या जागी डीजे आला आहे. हळदीच्या रात्री तो सुरू होतो. घराचे पत्रे थरथरतात. गोठ्यातली गाय बुजते. पाळण्यातले मूल दचकून उठते. दहावीचे पोर पुस्तक मिटून बसते. छातीचे दुखणे असलेले म्हातारे बाबा रात्रभर कूस बदलतात. एका घरी आनंद आणि दहा घरी जागरण! हे बरे का?

धान्य किलोने मोजतात, कापड मीटरने मोजतात. तसा आवाज डेसिबलने मोजतात. आपण दोघे बोलतो तो आवाज साधारण ६० डेसिबल असतो. ६० चे ७० झाले म्हणजे थोडेच वाढले, असे समजू नका. आवाजाचा जोर तेव्हा दहापट होतो. ८५ च्या वरचा आवाज रोज बराच वेळ ऐकला तर कान बिघडतात. डीजेच्या पुढ्यात आवाज १०० च्याही वर जाऊ शकतो.

कानाच्या आत केसांसारख्या बारीक पेशी असतात. त्यांच्यामुळे ऐकू येते. वाऱ्याने ज्वारी आडवी पडावी, तशा त्या मोठ्या आवाजाने आडव्या होतात. ज्वारी पुढल्या वर्षी पुन्हा पेरता येते. या पेशी मात्र गेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

म्हणून सरकारने इ. स. २००० मध्ये नियम केले. ते आपण समजून घेऊ.

१. भोंगा किंवा लाऊडस्पीकर लावायचा तर लेखी परवानगी लागते.

२. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर भोंगा लावायचा नाही.

३. सणासाठी राज्य सरकार रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकते. पण वर्षातून १५ दिवसांपेक्षा जास्त नाही.

४. वस्तीत आवाजाची हद्द दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे.

५. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असू शकते. सरकार ते जाहीर करते. तिथे हद्द आणखी कमी, म्हणजे दिवसा ५० आणि रात्री ४० आहे.

कोणी म्हणेल, हा तर देवाधर्माचा प्रश्न आहे. यावर सुप्रीम कोर्टाने २००० सालीच सांगितले आहे. भोंगा लावून दुसऱ्याची शांतता मोडा, असे कोणताच धर्म सांगत नाही.

आपल्या धुळ्याचीच गोष्ट घ्या. १८९५ साली तिथे गणपतीच्या मिरवणुकीवरून दंगल झाली. गोळीबार झाला. माणसे मेली. म्हणून त्या गणपतीला लोक ‘खुनी गणपती’ म्हणू लागले. पण पुढे लोक शहाणे झाले. आता जुन्या धुळ्यात तीच पालखी मशिदीपाशी थांबते आणि मुसलमान बांधव तिचे स्वागत करतात. जिथे रक्त सांडले, तिथे फुले पडतात. आवाजाचे भांडण समजुतीने मिटते ते असे.

नांदेड जिल्ह्यात मुदखेड तालुक्यात बारड नावाचे गाव आहे. तिथल्या लोकांनी २०१८ साली ठराव केला आणि सगळ्याच धर्मांच्या स्थळांवरचे भोंगे उतरवले. एकाचे उतरवले, दुसऱ्याचे ठेवले, असे केले नाही. म्हणून भांडण झाले नाही. देऊळ राहिले, मशीद राहिली, विहार राहिला. गोंगाट तेवढा गेला.

आपल्या गावात काय करावे? पहिले काम बोलण्याचे. नवरदेवाच्या वडिलांना आधीच जाऊन भेटावे. “दादा, लग्न आपलेच आहे. पण शेजारी बाळंतीण आहे. दहा वाजता बंद करा,” असे गोडीने सांगावे. पुष्कळ जण ऐकतात. दुसरे काम ग्रामसभेचे. तिथे सगळ्यांना सारखा लागू होईल असा ठराव मांडावा.

एवढे करूनही कोणी ऐकले नाही, तर ११२ नंबरला फोन करावा किंवा पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. “आपले नाव फुटले तर भावकीत वैर येईल,” अशी भीती वाटते ना? मुंबई हायकोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना स्पष्ट सांगितले आहे, की तक्रार करणाऱ्याचे नाव उघड करू नये.

आता आपल्याला लिहिता येते. मग अर्ज लिहिण्यासाठी दुसऱ्याच्या दारी कशाला जायचे? हा नमुना वहीत उतरवून घ्या :

मा. सरपंच यांस,
स. न. वि. वि.
आपल्या गावात रात्री १० नंतरही भोंगे व डीजे वाजतात. त्यामुळे मुलांना, आजाऱ्यांना व म्हाताऱ्यांना त्रास होतो. तरी येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा व सर्वांना सारखा लागू होईल असा ठराव करावा, ही विनंती.
आपला / आपली,
(सही व तारीख)

अंगठा नको, सही करा. शेजाऱ्यांच्याही सह्या घ्या. एकाचा अर्ज बाजूला पडेल. पन्नास सह्यांचा अर्ज सहसा बाजूला पडत नाही.

विचार करा
१. आपल्या गावात रात्री १० नंतर कोणकोणते आवाज होतात?
२. त्यांचा त्रास सर्वांत जास्त कोणाला होतो?
३. आपल्या घरच्या लग्नात आपण काय कराल?